ओट्यावरचं सहावं ताट

वहिनी, परवा संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो आणि चपला काढता काढता सवयीनं विचारलं, "वहिनी, आज काय?" आतून उत्तर आलं नाही. मला राग आला. खरंच सांगतो, आधी राग आला, की एवढी कसली ही बाई कामात. मग भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो दिसला आणि मी एक पाय चपलेत, एक बाहेर असा उभा राहिलो. तुझी जाऊ सुजाता म्हणाली, "आत या, डास येतात."

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, पहिले दिवस जड जातात. मी मान हलवतो. पण मला जड-हलकं काहीच कळत नाहीये. मला आपलं वाटतंय, तू अजून बसमध्येच आहेस. वज्रेश्वरीची बस उशिरा येते, हे सगळ्या भिवंडीला माहीत आहे.

इतर गावांचा आठवडा रविवारी बदलतो, आपला शुक्रवारी. कापडाचे लूम बंद, गल्लीतला खडखडाट बंद, लूमच्या सुट्या भागांचं माझं दुकानही बंद. कानाला ती शांतता टोचायची. दुपारची जेवणं झाली की तू जमिनीवर जुना पेपर पसरून लसणाचा ढीग ओतायचीस. पुढच्या आठवड्यात रात्री ज्याला काही खास खायचं असेल, त्यानं सोलायला बसायचं. जो सोलणार नाही त्याची फर्माईश बाद. मी नखं दुखतात म्हणून चार पाकळ्यांवर भागवायचो आणि वर भरलेली पापलेटं मागायचो.

"निखिल, तुझी ड्युटी सांग," तू लेकाला विचारायचीस.

"मंगळवार-बुधवार सेकंड शिफ्ट, आई. राहनाळच्या गोदामातून निघायलाच रात्र होते."

"मंग मंगलवारी सुकटीचा कालवण न्हाय. गार झाला का तोंड वाकडा करशील. सुजाता, तुझा?"

"सोमवारी हॉस्पिटलला नाईट आहे, ताई."

"म्हंजे सोमवारी डब्यात जाईल असा. भावजी, तुमचा?"

"मी आपला घरचाच."

"घरचा तं घरचा, पन नाक्यावरचा हॉटेलवाला तुम्हाला नावानी ओलखतो."

तू कधी काही लिहून ठेवलं नाहीस. सोमवारी आणि गुरुवारी दादाचा वार, म्हणून मासळी नाही. शुक्रवारचं कालवण शनिवारी मुरतं, म्हणून शनिवारी नुसत्या भाकऱ्या. माझ्या पूर्वाची परीक्षा असेल त्या रात्री पोट जड होईल असं काही नाही. आणि सोमवारचं वालाचं बिरडं शनिवारीच सुरू व्हायचं. शनिवारी वाल भिजवायचे, रविवारी मोड, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर जो बसेल त्याच्या मांडीवर सोलायला वाटी. मला वाटायचं, तू मुद्दाम मॅचच्या वेळी आणतेस. सोमवारचं जेवण शनिवारी सुरू होतं हे मला पन्नाशी उलटल्यावर, म्हणजे गेल्या सोमवारी कळलं. बिरडं कुठंय, असं मी विचारलं आणि सगळे माझ्याकडं बघत राहिले.

ताटांचा नियमही तुझाच. निखिल गोदामात लागला, सुजाताच्या ड्युट्या बदलायला लागल्या, पूर्वाचे क्लास सुरू झाले, आणि रोज रात्री कुणाचा ना कुणाचा भात उरायला लागला. तेव्हा तू सांगितलंस: सकाळी घराबाहेर पडताना, जो रात्री जेवायला आहे त्यानं आपलं ताट मांडणीतून काढून ओट्यावर ठेवायचं. आपल्याकडं प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं. माझं मामानं दिलेलं, सुजाताचं तिच्या आईनं. संध्याकाळी तू ताटं मोजायचीस आणि तेवढाच भात लावायचीस. दादाचं ताट मात्र तूच काढायचीस. त्यानं जन्मात कधी ताट काढलं नाही, आणि तू कधी त्याला विचारलं नाहीस.

पूर्वानं मोबाईलवर घरचा ग्रुप काढला होता. "मोठी आई, त्यावर नुसतं हो टाकायचं, झालं."

तू म्हणालीस, "मोबाईलवर हो बोलाला काय जाते? ताट काढाला हात लागतो."

आणि मी दर काही दिवसांनी तुला छेडायचो. "वहिनी, तुझं ताट कुठाय? आज उपाशी का?"

"जो भायेर जातो त्यानी ठेवायचा. मी कुठं जातंय?"

तू ज्याचं ताट आधी रिकामं होईल ते विसळून त्यात जेवायचीस. कधी परातीत. मी चौथीत असताना तू या घरात आलीस. तेव्हापासून तुला जेवताना बघतोय, पण तुझं ताट कुठलं हे मला सांगता आलं नसतं. आता लोकांना सांगत सुटलोय.

मग तो बुधवार. रात्री ओट्यावर एकच ताट होतं, तेही दादाचं, म्हणजे तूच काढलेलं. मी सवयीप्रमाणे न सांगता जेवायला हजर झालो होतो. सुजाताही ड्युटीवरून लवकर सुटून आली होती. तू सगळ्यांना वाढलंस, कसं पुरवलंस देव जाणे, आणि हात पुसत शांतपणे म्हणालीस, "आता आपन दोन चुली करू."

माझा घास हातातच राहिला. हे वाक्य या घरात कुणी म्हणेल तर सुजाता म्हणेल, निखिलचं लग्न झालं की त्याची बायको म्हणेल, अशी मी मनाची तयारी ठेवली होती. तू म्हणशील ही तयारी नव्हती. मी एकदम भाषणच सुरू केलं. आईबापांनी एक चूल राखली, गावात आपलं उदाहरण देतात, चूल मोडली की घर मोडतं. ज्या माणसाला गॅस पेटवताना लायटर कुठल्या बाजूनं धरायचा ते विचारावं लागतं, तो चुलीवर बोलत होता.

"चुलीनी घर न्हाय मोडत, भावजी. मंगलवारी तुम्ही कुठं जेवलात?"

मंगळवारी मी नाक्यावर बिर्याणी खाल्ली होती आणि घरी पोट बरं नाही म्हणून सांगितलं होतं.

"तेच बोलतंय मी," तू म्हणालीस. "एका ताटासाठी पाच मानसांचा डोका कशाला चालवू?"

"पण वहिनी, तू थकलीस म्हणून, की आमच्यावर रागावलीस म्हणून?"

"शुक्रवारी बोलू. उद्या मना भायेर जायचाय."

हा भाग मी अजून उलटून पालटून बघतोय. तू रागावली होतीस का? तू रागावलीस की भांडी आपटायचीस. त्या रात्री भांडी हळू लावत होतीस.

गुरुवारी तू अमीनाखालाबरोबर वज्रेश्वरीला जाणार होतीस. खाला समोरच्या घरातली, वयानं तुझ्याएवढीच, पण सगळ्या गल्लीची खाला. दोघींचे गुडघे एकाच वर्षी बिघडले. कितीतरी महिने तुमचं ठरत होतं की तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. मी खालाला विचारलं होतं, "खाला, देवीच्या गावाला चाललीस?" ती म्हणाली, "देवी हिची रे भाई. गरम पानी दोघींचा."

तुम्ही पहिल्या बसनं गेलात. आम्ही उठलो तेव्हा दार नुसतं ओढून घेतलेलं. आदल्या रात्रीचं तुझं वाक्य सगळ्यांच्या पोटात होतं. त्या दिवशी सगळ्यांनी मुकाट्यानं आपापली ताटं काढली. ओट्यावर मी न बघताच माझं त्या चळतीवर ठेवलं आणि दुकानात गेलो. संध्याकाळच्या भाताचं काम तू माझ्यावर टाकलं होतंस. तांदूळ मोजून, धुऊन, तीन शिट्या. दुकानातल्या पोराला मी दिवसभर तीन शिट्यांवर प्रवचन दिलं.

लवकर घरी आलो. निखिलनं ताटं पुसून ओट्यावर ओळीनं मांडली होती. मोजली तर सहा. पाच आपली. सहावं जुन्या घडणीचं, जाड काठाचं. त्यावर नाव कोरलेलं: कु. द्वारका.

"निखिल, ही द्वारका कोण?"

"मना काय माहीत? पूर्वाची मैत्रीण असेल."

"माझी मैत्रीण, आणि द्वारका?" पूर्वा म्हणाली. "कुठल्या जमान्यातली, निखिलदादा?"

"ताईंनी कुणाला जेवायला बोलावलं असेल," सुजाता म्हणाली. "सांगायचं तरी. घरात धड भाजी नाही."

मी पाहुणीसाठी तांदळाचं एक माप वाढवलं आणि त्याचा मोठेपणाही मिरवला. तेवढ्यात दादा खांद्यावर पंचा टाकून आत आला. त्यानं ताटाकडं बघितलं आणि हसला. दादा हसला हीच आपल्या घरात बातमी असते.

"अरे, ही तुमची वहिनी," तो म्हणाला. "खारबावची द्वारका. शुभांगी नाव तं मी लग्नात ठेवला. हा ताट ती म्हायेराहून घेऊन आलेली. मना वाटला कवाच मोडीत गेला."

म्हणजे तू बाहेर चालली होतीस, आणि बाहेर जाणाऱ्यानं ताट ठेवायचं, हा तुझाच नियम होता. पेटीच्या तळातून कधी काढलंस, कधी घासलंस, कुणालाच माहीत नाही. आम्ही एवढे हसलो वहिनी. पूर्वा म्हणाली, मोठी आई आली की दारातच विचारू, द्वारकामावशी, तुम्ही कुणाकडच्या? मी तर पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभं राहायची रंगीत तालीमच केली. या, बसा, प्रवास कसा झाला?

फोन वाजला तेव्हा आम्ही हसत होतो. हे मला कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतोय. मी हसत हसतच फोन उचलला. पलीकडं अमीनाखाला. "भाई, जल्दी आ. ही उठत न्हाय."

मी म्हटलं, "खाला, बस चुकली का?"

त्यानंतरचं मला ओळीनं आठवत नाही. गाडी निखिलनं चालवली. तिथल्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्याशी बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरचा डबा बघत होतो. त्यांचं जेवण राहिलं असेल, असं काहीतरी डोक्यात. खाला भिंतीला टेकून बसलेली. ती परत परत तेच सांगत होती. कुंडात पाय सोडून बसलात. तू फार हसलीस. मग तुझं सुरू झालं, लवकर चल, लवकर चल. थांब्यावर बाकावर बसलीस आणि म्हणालीस, पानी दे. खालानं बाटली उघडली. बस, तेवढंच. घरी आल्यावर खालाला दिसलं, बाटलीचं झाकण अजून तिच्या मुठीतच होतं.

घरी परतलो तर कुकर तसाच. शिट्या किती झाल्या कुणास ठाऊक, सुजातानं कधीतरी गॅस बंद केला होता. एक माप जास्तीचा भात आत.

सुतकात चूल पेटली नाही. सकाळी खालानं मोठं पातेलं पाठवलं, भात आणि वरण. मागोमाग स्वतः आली आणि दारातूनच म्हणाली, "वरनाला फोडनी न्हाय दिली. तुमच्यात आता चालत न्हाय ना?" ते माझ्या लक्षातच नव्हतं. खालाच्या होतं. आम्ही पत्रावळींवर जेवलो. ओट्यावरची सहा ताटं कुणी उचलली नाहीत.

मग मला एक गोष्ट सुचली आणि तेव्हापासून ती मला सोडत नाहीये. तू ताट ठेवलंस ते आमच्याआधी, अंधारात निघताना? की आमच्यापैकी कुणी रात्रीच, झोपण्याआधी, आपापलं काढून ठेवलं होतं, त्यावर दादाचं आणि तुझं ठेवलंस? पूर्वा म्हणते, तिनं रात्रीच ठेवलं होतं. सुजाता म्हणते, बहुतेक रात्रीच, बहुतेक सकाळी. तुझं ताट त्यांच्या ताटांवर असेल, तर तू ती बघून गेलीस. खाली असेल, तर तू गेलीस तेव्हा ओट्यावर दादाचं आणि तुझं, एवढंच. मधल्या कुठल्या ताटानंतर तुझं होतं, हे एकट्या निखिलला माहीत असायला हवं, कारण चळत त्यानं मोडली.

"निखिल, आठव ना. द्वारका वर होतं की खाली?"

"काका, किती वेला विचारशील? मी गाणी ऐकत ताटं पुसत होतो. न्हाय आठवत."

पोरगं रडकुंडीला आलं. मी विचारायचं बंद केलंय. म्हणजे त्याला. तू थांब्यावर लवकर चल, लवकर चल करत होतीस, ते सगळे जेवायला आहेत म्हणून, की नेहमीसारखंच? तू तर भाजीवाल्याकडंसुद्धा लवकर कर, लवकर कर म्हणायचीस.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, बरेच होते, पण एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मी पुढं झालो, कारण घरातला बोलका मी. हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "वहिनी, काळजी करू नकोस. चूल एकच ठेवू."

एक कावळा फांदीवरून सरकला आणि परत बसला.

निखिल माझ्या बाजूनं पुढं आला. "आई, तू बोललीस तसाच. दोन चुली करू."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं. कावळा खाली उतरला, दोन पावलं चालला आणि उडून गेला.

"बाबा, आधी घरी ठरवून यायचं ना," पूर्वा दबक्या आवाजात म्हणाली. "कावळा पण गोंधळला." भटजींनी तोंडाला उपरणं लावलं. वहिनी, तू तिथं असतीस तर पदर तोंडात घालून हसली असतीस, आणि नंतर घरी मला धारेवर धरलं असतंस.

मग दादा आला. त्याला बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत. तो पिंडासमोर नुसता उभा राहिला. कितीतरी वेळ. आम्हाला वाटलं, तो काही बोलणारच नाही. आणि मग घरात जसं हळू बोलतो तसंच म्हणाला, "द्वारका, आज मी हाय जेवाला."

कावळा पिंडाला शिवला.

परतताना गाडीत मी मनात म्हणत होतो, बाई गं, हे तरी नीट सांगायचं. चूल एक की दोन, यावर तू अजून काहीच बोललेली नाहीस.

तेरावं झालं, ओट्यावरची ताटं घासून परत मांडणीत गेली. दुसऱ्या सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर दादा मांडणीसमोर उभा. त्याला ताटं कुठं असतात ते सापडत होतं, आपलं कुठलं ते सापडत नव्हतं. एकेक काढून, डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचत होता. शेवटी त्याला त्याचं मिळालं. ते त्यानं ओट्यावर ठेवलं. मग त्यावर तुझं ठेवलं. मी दारातच थांबलो. त्याला मी दिसलो तेव्हा तो लाजल्यासारखा झाला आणि अंघोळीला गेला.

तेव्हापासून रोज दोन ताटं आधीच असतात. आम्ही आपापली वर ठेवतो. संध्याकाळी जो ताटं मोजेल तो सहा मोजतो, आणि तुझं ताट बाजूला काढायची कुणाची छाती होत नाही. एक माप भात रोज उरतो. सकाळी तो फोडणीला टाकून मी डब्यात नेतो. नाक्यावरचा हॉटेलवाला विचारत होता, शेठ, तब्येत बरी ना, दिसत नाही हल्ली.

आज शुक्रवार. लूम बंद आहेत. दुपारी सुजातानं पेपर पसरला आणि लसूण ओतला. आम्ही सगळे बसलो. नियोजन माझ्याकडं आलं, कारण मी मोठ्यानं बोलतो. लसूण भरपूर सोलला गेला, आठवडा काही जमला नाही. मी मंगळवारी निखिलला सुकटीचं कालवण देत होतो, सुजाताला डब्यात पातळ आमटी. दादाच्या गुरुवारी मी सुरमई लावली तेव्हा तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. वाल तेवढे उद्या भिजवायचे, हे माझं मलाच आठवलं.

मग सुजातानं विचारलं. कुणीतरी विचारणारच होतं. "ताई म्हणाल्या होत्या त्या दोन चुलींचं काय करायचं?"

निखिलनं मान खाली घातली. मी भाषणासाठी घसा साफ केला.

दादा पाकळी सोलत होता. वर न बघता म्हणाला, "ती बोलली ना, शुक्रवारी बोलू. मंग येवदे तिला."

सोललेला लसूण दादानं वाटीत टाकला आणि दुसरी पाकळी घेतली.

तर वहिनी, विषय तिथंच आहे. आम्ही आमच्या मनानं ठरवणार नाही. तू आलीस की बोलू. तोवर चूल एकच. आता ओट्यापाशी उभा आहे. ताटं मोजली. तांदूळ धुतले. सहा माणसांचा भात लावलाय, तीन शिट्या. बसला उशीर होतो, माहीत आहे.